उथळ पाणी आणि फळीचा पर

तलावाच्या काठावर उभे राहून तुम्ही एक गोष्ट पुष्कळदा पाहिली असेल. सकाळची वेळ असते. मासे धरणारा गडी थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळे काढायला निघतो. तो उजव्या हाताने पाणी मागे लोटतो. लगेच चप्पूचे तोंड डावीकडे वळते. मग तो डाव्या हाताने पाणी लोटतो. आता तोंड उजवीकडे वळते. असे डावे-उजवे करत करत तो जाळ्यापर्यंत पोचतो. वारा सुटला तर विचारूच नका. तोंड एकीकडे, गडी दुसरीकडे! निम्मी ताकद पुढे जाण्यात खर्च होते आणि निम्मी तोंड सरळ ठेवण्यात.

असे का होते? आणि त्याला काही उपाय आहे का?

उपाय आहे. तो अगदी लहानसा आहे. माशाच्या अंगावर तो देवाने आधीच लावून ठेवला आहे. पण हा उपाय खोल पाण्यात एका तऱ्हेने करावा लागतो आणि उथळ पाण्यात दुसऱ्या तऱ्हेने. तो चुकीचा केला तर माणूस तोंडावर आपटतो. म्हणून आज आम्ही तुम्हाला ही गोष्ट नीट समजावून सांगणार आहोत.

भाच्याची फळी

समजा, पुण्याला कामाला असलेला भाचा सुटीला मामाच्या गावी आला. त्याच्या पाठीवर मोठे गाठोडे आहे. मामा विचारतो, "काय रं, गादी आणलीस का काय?"

"गादी नाही मामा, फळी आहे. हवा भरायची. हिच्यावर उभं राहून वल्हं मारत तलावात हिंडायचं."

मामा हसतो. "हवेच्या फळीवर उभं राहतोस? ट्यूबवर बसता येतं, उभं कसं राहणार?"

मामाची शंका खरी आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर उभे राहता येत नाही. पण ही फळी वेगळी असते. तिचे वरचे कापड आणि खालचे कापड आतून हजारो दोऱ्यांनी एकमेकांना शिवलेले असते. हवा भरली की ते दोरे ताणले जातात. मग फळी फुग्यासारखी गोल फुगत नाही, सपाटच राहते आणि लाकडासारखी टणक होते. हातपंपाने तिच्यात १२ ते १५ पौंड हवा भरतात. फळी साधारण १० ते ११ फूट लांब, अडीच ते पावणेतीन फूट रुंद आणि पाच-सहा इंच जाड असते. काम झाले की हवा सोडायची आणि चटईसारखी गुंडाळून ठेवायची. गोव्याच्या किनाऱ्यावर अशा फळ्या भाड्याने मिळतात. हळूहळू त्या गावाकडच्या तलावांवरही येऊ लागतील.

भाचा गाठोडे सोडतो. त्यातून फळी निघते, पंप निघतो, वल्हे निघते. शेवटी काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा निघतो. तो कोयत्याच्या पात्यासारखा दिसतो. मामा तो हातात घेऊन फिरवून बघतो. "आणि हे काय?"

ह्या तुकड्याचीच आपली आजची गोष्ट आहे. इंग्रजीत त्याला फिन म्हणतात. आपण त्याला पर म्हणू. माशाच्या अंगावर पर असतात ना, तसा हा फळीचा पर.

पर काय करतो?

आधी घरी एक प्रयोग करून बघा. थर्माकोलचा हातभर लांब, चपटा तुकडा घ्या. हौदात किंवा मोठ्या घमेल्यात पाणी भरा. तुकडा पाण्यावर ठेवा आणि त्याच्या मागच्या एका कोपऱ्याला बोटाने हलकेच ढकला. तो सरळ जाणार नाही. गोल फिरेल.

आता त्याच तुकड्याच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, मधोमध, पत्र्याची एक पट्टी उभी खोचा. तुकड्याच्या लांबीला धरून खोचा, आडवी नको. आता पुन्हा तसेच ढकला. तुकडा बराचसा सरळ जाईल.

का बरे? पट्टी पुढे जाताना पाण्याला चिरते. तिची धार पातळ असते, म्हणून पाणी तिला अडवत नाही. पण तुकडा फिरू लागला की पट्टीची चपटी बाजू पाण्यावर दाबली जाते. तिथे पाणी तिला अडवते. म्हणजे पुढे जायला वाट मोकळी आणि बाजूला सरकायला अडसर.

हीच गोष्ट आपल्याला ठाऊक नाही असे नाही. बाणाच्या मागे पिसे लावतात ती ह्याचसाठी. पतंगाला शेपटी लावतात तीही ह्याचसाठी. मासा पाण्यात कलंडत नाही, भोवऱ्यासारखा फिरत नाही, तो त्याच्या परांमुळेच.

आता एक नीट लक्षात घ्या. पर मागेच लावायचा. बाणाची पिसे टोकाला लावली तर बाण उलटा फिरेल. फळीचेही तसेच आहे.

ही युक्ती फळीला फार उशिरा लागली. दूर प्रशांत महासागरात हवाई बेटे आहेत. तिथले लोक शेकडो वर्षे लाकडी फळ्यांवरून लाटांवर स्वार होत आले. त्या फळ्यांना पर नव्हता. फळी वळवायची तर एक पाय पाण्यात घालून ओढावा लागे. सन १९३५ मध्ये टॉम ब्लेक नावाच्या माणसाने तिथे एका टाकून दिलेल्या मोटारबोटीचा धातूचा पर काढला आणि आपल्या फळीच्या पोटाला लावला. फळी एकदम ताब्यात आली. तेव्हापासून फळीला पर आला तो आलाच.

लांब पर, आखूड पर

मग जेवढा पर लांब तेवढे चांगले, असे कोणी म्हणेल. खोल पाण्यात ते पुष्कळ अंशी खरे आहे. लांब पराने फळी सरळ जाते. वाऱ्याने तोंड चटकन फिरत नाही. पण आपल्या भागातले पाणी कसे आहे, ते बघा.

आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा. माकणीचे निम्न तेरणा धरण असो, परंड्याकडचे सीना-कोळेगाव असो, तेरचे तेरणा धरण असो, की गावोगावचे पाझर तलाव असोत. पावसाळ्यात ते भरले तर भरले. मार्च-एप्रिलमध्ये पाणी मागे हटते. आज जिथे छातीभर पाणी आहे, तिथे दोन महिन्यांनी घोटाभर असते. काठ लांबवर पसरट असतो. पोटात गाळ असतो. आणि त्या पाण्याखाली काय काय असते? जुन्या शेतांचे बांध, बाभळीचे खुंट, दगडांचे ढीग, तारेचे कुंपण. पाणी गढूळ असले की ह्यातले काही दिसत नाही.

नांगराचे उदाहरण घ्या. काळ्या भारी जमिनीत तुम्ही नांगर खोल धरता. माळरानाच्या मुरमाड जमिनीत तसा खोल धराल का? फाळ खडकाला अडेल. बैल जागच्या जागी थांबतील. झटका बसेल तो तुमच्या हाताला. म्हणून जमीन बघून नांगर वर-खाली करायचा. तसेच पाणी बघून पर निवडायचा.

फळीवर मात्र झटका हाताला बसत नाही. तो सगळ्या अंगाला बसतो. फळी चालत असते. पर खुंटाला अडतो. फळी जागच्या जागी थांबते. वर उभा असलेला माणूस मात्र थांबत नाही. तो पुढे फेकला जातो. खोल पाण्यात पडला तर नुसता भिजेल. पण पर अडला म्हणजे पाणी उथळच असणार. तो गुडघाभर पाण्यात तोंडावर किंवा डोक्यावर आपटतो. खाली दगड असला तर दात पडतात, हात मोडतो. मानेला मार बसला तर माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. पोहता येत असले तरी ह्याचा उपयोग नाही.

लोक म्हणतात, उथळ पाण्यात कसली भीती? बुडायचे तर नाही! आम्ही म्हणतो, फळीवर उभे असाल तर उथळ पाण्याची भीती जास्त धरा.

आपल्या मापाने मोजा

मोजायला फूटपट्टी नको. आपला हातच पुरे.

फळीबरोबर बहुधा जो मोठा पर मिळतो तो आठ ते दहा इंच उंच असतो. म्हणजे एक वीत. लहान पर तीन-चार इंचांचा असतो. म्हणजे चार-पाच बोटे. माणूस वर उभा राहिला की फळी स्वतः दोन-तीन बोटे पाण्यात बसते. माणूस मागे सरकला तर शेपटीकडची बाजू आणखी खाली जाते.

आता हिशेब करा. वीतभर पर, वर फळीची दोन-तीन बोटे, आणि खाली थोडी मोकळी जागा हवी. म्हणजे दोन विती पाणी हवेच. दोन विती म्हणजे एक हात. सर्वसाधारण माणसाच्या गुडघ्याइतके पाणी. म्हणून नियम असा:

गुडघ्याच्या वर पाणी असेल तर वीतभर पर चालेल.

गुडघ्याच्या खाली पाणी असेल तर चार बोटांचा पर लावा.

वीतभरच पाणी असेल तर फळीवर बसूच नका. फळी उचला आणि चालत न्या.

आणि जिथे तळाला खुंट, दगड आहेत असे गावकरी सांगतात, तिथे पाणी मांडीइतके असले तरी आखूड परच बरा.

कोणता पर घ्यावा?

बाजारात पर तऱ्हेतऱ्हेचे मिळतात. नावे पुष्कळ आहेत, पण जाती मुख्य तीनच.

पहिला, उंच आणि टणक पर. हा वीतभर असतो. धरण भरलेले असताना, मोठ्या मोकळ्या पाण्यात, लांब जायचे असेल तर हा चांगला. वाऱ्यात फळी सरळ राहते. ह्याचा दोष एवढाच की फळी लवकर वळत नाही आणि उथळात अडते.

दुसरा, आखूड आणि मऊ पर. हा चार-पाच बोटांचा, रबरासारखा लवचीक असतो. हे बहुधा दोन किंवा तीन मिळून असतात. पुष्कळ फळ्यांना असे दोन लहान पर दोन बाजूंना कायमचे चिकटवलेले असतात. दगडाला लागले तर वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. झटका कमी बसतो. एकच आखूड पर लावला तर फळी फार भिरभिरते. पण तीन आखूड पर मिळून एका लांब पराचे पुष्कळसे काम करतात. एका दांडग्या गड्याऐवजी तीन पोरे कामाला लावावीत, तसे हे. उन्हाळ्यात, पाझर तलावात, नदीच्या डोहात हेच लावावेत.

तिसरा, मागे झुकलेला पर. हा विळ्यासारखा मागे वाकलेला असतो. जिथे जलपर्णी, पाणगवत, शेवाळ आहे तिथे हा कामाचा. सरळ उभ्या परात गवत अडकते आणि त्याची पेंढीच तयार होते. मग फळी ओढता ओढत नाही. झुकलेल्या परावरून गवत मागे घसरून जाते. जुनी जाळी आणि दोर ह्यांतूनही तो लवकर सुटतो.

पहिल्यांदा एकच जास्तीचा पर घ्यायचा असेल तर आम्ही काय सांगू? वीतभर पर फळीबरोबर मिळतोच. जास्तीचा घ्या तो आखूड आणि रुंद बुडाचा. उंची कमी असली तरी बूड रुंद असले की पराचे अंग मोठे राहते आणि फळी सरळ जायला मदत होते. घेण्याआधी फळीवरची खाच बघा. साऱ्या फळ्यांची खाच सारखी नसते. काहींत पर सरकवून खिट्टी घालतात, काहींत स्क्रू लावतात. दुसऱ्या खाचेचा पर तुमच्या फळीला बसणार नाही. म्हणून जुना पर बरोबर घेऊन दुकानात जा.

पर कसा लावावा?

एक. फळी गवतावर किंवा गोणपाटावर पालथी घाला. दगडगोट्यांवर घालू नका.

दोन. खाचेतली माती, वाळू पाण्याने धुऊन टाका. वाळूचा एक कण राहिला तरी पर घट्ट बसत नाही.

तीन. पराचे टोक मागे, म्हणजे शेपटीकडे झुकलेले असावे. पुष्कळ जण इथेच चुकतात आणि पर उलटा लावतात. मासा आठवा. माशाचा पर पुढे झुकलेला कधी पाहिलात का?

चार. खाच लांब असेल तर पर पुढे-मागे सरकवता येतो. मागे सरकवला तर फळी जास्त सरळ जाते. पुढे सरकवला तर लवकर वळते.

पाच. खिट्टी घातली की पर धरून हलवून बघा. सैल नसावा. खिट्टी बारीक असते, गाळात पडली की सापडत नाही. तिला दोरा बांधून तो दोरा पराला बांधून ठेवा.

सहा. पर लावल्यावर फळी जमिनीवरून ओढू नका. आणि पर लावलेली फळी जमिनीवर सरळ ठेवून तिच्यावर चढूही नका. पर मोडेल, नाहीतर खाच उखडेल.

पाण्यात कसे जावे?

आधी पाणी विचारून घ्या. तलाव बहुधा पाटबंधारे खात्याचा असतो आणि मासेमारी संस्थेकडे असते. त्यांची परवानगी घ्या. जाळी कुठे लावली आहेत, खुंट कुठे आहेत, जुनी विहीर कुठे आहे, हे मासे धरणाऱ्या माणसाला जेवढे ठाऊक असते तेवढे कोणालाच नसते. त्याला दादा म्हणून दोन शब्द विचारायला लाज वाटू देऊ नका.

विहिरीचे आणि खड्ड्याचे विशेष सांगतो. धरणात गेलेल्या शेतांतल्या विहिरी पाण्याखाली तशाच असतात. शिवाय पुष्कळ तलावांतून उन्हाळ्यात गाळ काढला जातो. सरकारची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना २०१७ साली सुरू झाली. गाळ शेतात गेला, हे चांगलेच झाले. पण जिथून तो काढला तिथे खड्डे होतात आणि पावसाळ्यात ते भरून जातात. वरून पाणी सारखेच दिसते. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला पुरुषभर खोल जातो. पर गाळात रुतला म्हणून फळीवरून झट्‌दिशी उतरू नका. आधी वल्ह्याने तळ चाचपा. मग उतरा, आणि एक हात फळीवर ठेवा.

फळी गुडघाभर पाण्यात न्या. तिथे गुडघे टेकून फळीच्या मधोमध बसा. कमरेइतके पाणी होईपर्यंत उठून उभे राहू नका. गुडघ्यांवर बसलेला माणूस पडला तरी कमी उंचीवरून पडतो. परत येताना हेच उलटे करा. काठ जवळ आला, पाणी कमी झाले, की आधी खाली बसा. काठापर्यंत उभ्याउभ्या येणारे पुष्कळ जण शेवटच्या चार हातांतच पडतात.

मध्येच उथळ जागा आली तर घाबरू नका. गुडघे टेका आणि थोडे पुढे सरका. वजन पुढे गेले की शेपटी वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर परही वर येतो. अशा तऱ्हेने दोन-चार बोटे जागा मिळते. तेवढ्याने फळी पार होते.

पडणारच असाल तर बाजूला पडा, अंग पसरून पडा. पुढे सूर मारू नका. उथळात डोके खाली करून उडी कधीच मारू नका.

वारा बघा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर येताना वारा मागून ढकलेल. ह्याच्या उलट केले तर जाताना मजा वाटते आणि येताना रडू येते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात जाऊच नका. ढग गडगडू लागले तर लगेच काठ गाठा.

फळीला पायाशी बांधायची एक दोरी असते. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ती बांधावी. वाऱ्याने फळी पळून जात नाही. पण वाहत्या नदीत ती घोट्याला बांधू नका. दोरी खुंटात अडकली तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. नदीसाठी कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा मिळतो. पूर आलेल्या नदीत तर फळी घालूच नये.

आपल्या चप्पूला काय करावे?

आता कोणी म्हणेल, ही भाच्याची चैन झाली. आम्हाला त्याचा काय उपयोग? उपयोग आहे. चप्पूही चपट्या बुडाचाच. तोही फिरतो तो त्याच कारणाने.

चप्पूला उंच पर नको. जाळे त्यात अडकेल. त्याऐवजी पोटाखाली, मागच्या निम्म्या भागात, दोन लांब पट्ट्या बसवाव्यात. एक डावीकडे, एक उजवीकडे. उंची चार बोटे, लांबी दोन-तीन हात. दोन्ही पट्ट्या चप्पूच्या लांबीला सरळ धरून असाव्यात. एक जरी तिरकी झाली तर चप्पू एका बाजूला ओढू लागेल. लाकूड रंधून, कडा गोल करून घ्या. खिळ्याचे टोक, फट, कुसळ काही राहू देऊ नका, नाहीतर जाळे धरेल. पट्ट्या चप्पूच्या बांबूंना दोरीने घट्ट बांधा. थर्माकोलमध्ये खिळे ठोकून काही टिकत नाही.

पहिल्या दिवशी काठाजवळ फिरवून बघा. चप्पू पूर्वीपेक्षा सरळ जाईल, पण वळायला थोडा जड लागेल. जाळे ओढताना तो बाजूला सहज सरकणार नाही, ह्याचीही सवय करावी लागेल. फारच जड वाटले तर पट्ट्या थोड्या आखूड करा.

पर म्हणजे जाकीट नव्हे

एवढे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पर फळीला सरळ ठेवतो. तो माणसाला तारत नाही. हवेची फळी फुटू शकते. थर्माकोल तुटतो. जोराच्या वाऱ्यात दोन्ही उलटतात. त्या वेळी अंगावर तरंगणारे जाकीट असेल तरच माणूस वर राहतो.

आपल्याकडे पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. शिकवणारा जवळ असतो, तेव्हा ते ठीक आहे. पण दोरी सैल झाली की डबा एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. जाकीट अंगावर घट्ट बसते. त्याचे सारे पट्टे लावा. खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीवर आले तर ते सैल आहे.

"मला पोहता येतं, मला कशाला जाकीट?" असे मामा म्हणेल. मामा, पर खुंटाला अडून डोक्याला मार बसला आणि शुद्ध हरपली, तर पोहणार कोण?

घरी आल्यावर

पर काढा, धुवा, पुसा. धार फाटली असेल तर बारीक काचकागदाने घासा. फळीही धुऊन सावलीत वाळवा. आपल्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. भरलेली फळी काठावर उन्हात टाकून जेवायला गेलात, तर आतली हवा तापून फुगते आणि जोड उसवतात. सावली नसेल तर थोडी हवा सोडून ठेवा.

उन्हाने किंवा ओझ्याखाली प्लास्टिकचा पर वाकडा होतो. तो फेकू नका. परातीत गरम पाणी घ्या. पर त्यात थोडा वेळ ठेवा. मऊ झाला की फडक्याने धरून सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. पुन्हा सरळ होईल. वाकडा पर लावू नका. वाकड्या पराने फळी वाकडीच जाते.

भाचा पुण्याला परत जाईल. फळी गुंडाळून नेईल. पण त्या काळ्या तुकड्याने शिकवलेली गोष्ट गावात राहू द्या. पाणी बघून पर लावावा. काठ जवळ आला की खाली बसावे. आणि पाणी घोटाभर असो की पुरुषभर, जाकीट घातल्याशिवाय काठ सोडू नये.

सांगा पाहू

१. पर फळीच्या मागेच का लावतात?

२. आपल्या गावच्या तलावात मे महिन्यात कोणता पर लावाल? पाऊसकाळ संपल्यावर कोणता लावाल?

३. उथळ पाण्यात उभे राहण्यात कोणता धोका आहे?

४. आपल्या तलावात खुंट, जुन्या विहिरी आणि गाळाचे खड्डे कुठे कुठे आहेत? गावातल्या जाणत्या माणसांना विचारा, कागदावर लिहून काढा आणि तो कागद शाळेच्या भिंतीवर लावा.